लोकरीला लोकर म्हणणाऱ्या लीलाताई

लीलाताई खैरनार यांच्या पर्समध्ये काड्यापेटी असे. समोरच्या माणसाच्या कपड्याला एखादा सुटा धागा दिसला की त्या विचारत, "घेऊ का?" आणि उत्तर यायच्या आत तो ओढून पेटवत. धागा वितळून काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास येऊन राख उडाली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. सुरतेच्या कापड बाजारात ही परीक्षा दिवसभर चालू असते; दलाल करतात, गिऱ्हाइकं करतात, कोणी वळूनही पाहत नाही. बाजारात ती भाव ठरवण्यासाठी होते. लीलाताई ती माणसाशी बोलणं सुरू करण्यासाठी करत.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एका मराठी दैनिकासाठी मी सुरतेहून बातम्या पाठवत असे. सुरतेच्या उधना उपनगरातल्या एका महिला उद्योग केंद्राचं प्रदर्शन होतं, त्याच्या चार ओळी हव्या होत्या. टेबलामागे उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईंनी माझ्या खांद्यावरच्या झोळीचा धागा घेतला आणि काडी ओढली. झोळी मी खादी म्हणून विकत घेतली होती. तिचा मणी झाला.

"पत्रकार ना तुम्ही?"

"हो."

"मग झोळीचीही चौकशी करायची होती," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्या केंद्रात नमदा शिकवत. नमद्याला सूत लागत नाही, माग लागत नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरायची, रिठ्याचं कोमट पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि ती हातांनी, मग पायांनी, पुढे-मागे लोळवत राहायची. लोकरीच्या प्रत्येक तंतूला बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. त्याचं जाड, घट्ट कापड होतं. आसनं, जोड्यातली अस्तरं, पिशव्या, टोप्या असं काय काय त्या खोलीत तयार होई.

शिकायला येणाऱ्या बायका पांडेसरा आणि भेस्तान या कामगार वस्त्यांतल्या. बहुतेकींचे नवरे लूमवर, बहुतेकींची गावं धुळे-जळगावकडची. लीलाताईही धुळ्याच्याच, पण नवरा बँकेत, स्वतः शाळेत कार्यानुभव शिकवून लवकर निवृत्त झालेल्या. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत. रागावल्या की अहिराणीवर येत. "शुद्ध भाषेत मला रागवायला जमत नाही," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

केंद्राच्या विश्वस्तांमध्ये जयंतीभाई नावाचे कारखानदार होते. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पॉलिएस्टर धाग्याचं युनिट होतं. माणूस हसतमुख, हात सढळ. केंद्राचे पंखे, खुर्च्या, पाण्याची टाकी त्यांनीच दिलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकर लांबून येते, महाग पडते, पावसाळ्यात वास मारते. त्यांच्या युनिटमध्ये पॉलिएस्टरचा टाकाऊ तंतू ढिगानं पडतो. तो फुकट घ्या.

"लीलाबेन, मफतमां आपुं छुं, ने तमे ना पाडो छो?"

"तुमचा तंतू गुळगुळीत आहे, जयंतीभाई. तो कोणाला धरत नाही. त्याचा नमदा होत नाही."

"तो पछी अडधुं-अडधुं करो. अर्धी लोकर, अर्धो मारो माल."

"अर्धी लोकर घातलेल्याला पूर्ण लोकरीचं नाव द्यायचं, हे मला जमणार नाही. खोली तुमची आहे. लोकर गेली की मी गेले."

ही बोलणी प्रत्येक बैठकीत होत. ते गुजरातीत बोलत, त्या मराठीत. सुरतेत यात काही वेगळं वाटत नाही. मी त्यांना ओळखत होतो तेवढी सगळी वर्षं त्या खोलीवर हा एकच प्रश्न लटकत होता: इथे लोकर राहणार की जाणार.

लोकर निवडताना लीलाताईंना पाहणं हा वेगळा कार्यक्रम होता. पोतं उघडलं की त्या आधी हात घालत नसत. वास घेत. मग तळातून एक मूठ काढत, कारण वरची लोकर, त्यांच्या मते, मुलगी दाखवायला आणतात तशी सजवून ठेवलेली असते. मुठीतली चिमूट वेगळी करून तिच्यावर रिठ्याच्या पाण्याचा थेंब सोडत आणि दोन्ही तळहातांत गोळी वळत. गोळी किती वेळात बसते आणि नखानं उकलते का, यावर निकाल. निकाल माणसांबद्दल बोलावं तसा देत.

धुळ्याकडच्या दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर त्यांच्या पसंतीची. "हट्टी आहे. लवकर ऐकत नाही. पण एकदा बसली की उठायची नाही." सौराष्ट्रातून येणारी पांढरी, लांब तंतूंची लोकर त्या वरच्या थराला वापरत, ती रंग चांगला घेई. एकदा कोणी परदेशी मेंढीची मऊसूत लोकर आणून दिली. सगळ्या बायका गालाला लावून पाहू लागल्या. लीलाताईंनी गोळी वळली. ती बघता बघता बसली. "हिला फार घाई आहे," त्या म्हणाल्या. "टोपीला चालेल. आसनाला नको. बसणाऱ्याच्या आधी हीच बसेल." पावसाळ्यानंतर कातरलेल्या लोकरीत गोखरू असतात म्हणून त्या नेहमी हिवाळा संपतानाच्या कातरणीची लोकर मागवत. कोकराची पहिली लोकर, जिला मेंढपाळ जावळ म्हणतात, ती वेगळ्या डब्यात. ती फक्त तान्ह्या मुलांच्या वस्तूंसाठी. केंद्राच्या एका पाहुणीला जावळाची पर्स हवी होती. "बाळ आहे का घरात?" लीलाताईंनी विचारलं. नाही म्हटल्यावर डब्याचं झाकण लावलं.

वनस्पतींच्या तंतूंबद्दल त्यांचा एकच नियम होता. झाडाच्या तंतूला खवले नसतात, त्यामुळे तो स्वतः कोणाला धरू शकत नाही. लोकरीनं त्याला धरून ठेवायला हवं. म्हणून तो पाहुणा. "पाहुणे मोजके असले तर घराला शोभा. जास्त झाले तर घरचेच ओसरीवर." केळीच्या खोडाचा धागा त्यांना आवडे, काळ्या नमद्यावर तो ओल्या रेघेसारखा चमकत राही. सावरीचा कापूस त्यांनी वर्षभर करून पाहिला आणि सोडून दिला. दिसायला ढग, हातात काही नाही. रुईच्या बोंडातला कापूस त्याहून वाईट, तो पिंजताना वर्गभर उडे आणि बायका शिंकत सुटत. अंबाडी मात्र त्या मान देऊन वापरत, कडेला, जिथे आसन आधी झिजतं.

त्या चुकत नसत असं नाही. बारडोलीकडे सगळीकडे ऊस. गाळून झाल्यावर उरणारी चिपाडं त्यांनी पोतंभर आणवली, कुटून तंतू काढला आणि लोकरीत मिसळला. आसनं देखणी झाली, सोनेरी ठिपक्यांची. केंद्राच्या प्रदर्शनात पाहुण्यांच्या बैठकीसाठी तीच अंथरली. पाहुणे पांढऱ्या लेंग्यात, साखरेच्या धंद्यातले. भाषण सुरू झालं आणि पहिल्या रांगेत हळूहळू चुळबुळ होऊ लागली. मग प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले आणि लेंगा झटकू लागले. चिपाडातली साखर धुऊन काढायची राहिली होती. आसनांना मुंग्या लागल्या होत्या, आणि त्या वर चढल्या होत्या.

सभागृहात हसू पसरलं. जयंतीभाईंनी संधी सोडली नाही. "लीलाबेन, मारा पॉलिएस्टरने कीडी न चडे!"

"बरोबर," लीलाताई जागेवरूनच म्हणाल्या. "मुंगीलासुद्धा खरं-खोटं कळतं."

मुंग्या चावलेले गृहस्थ मोठ्यानं हसले. लीलाताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला तंतू तीन वेळा गरम पाण्यातून काढला, पुन्हा आसन केलं आणि ते मुद्दाम स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलं. मुंग्या पुन्हा आल्या. मग चिपाड त्यांच्या यादीतून कायमचं गेलं. "माझं चुकलं" असं त्या म्हणाल्याचं कोणाला आठवत नाही. "ऊस जिंकला," एवढं त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान शांत गृहस्थ. बँकेतून आले की गॅलरीत पेपर वाचत बसत. गॅलरीत बसायला जागा एका खुर्चीपुरती, कारण बाकी गॅलरी लोकरीच्या पोत्यांनी भरलेली. केंद्रात उंदीर होते म्हणून माल घरी. "आमच्याकडे मेंढी सोडून सगळं आहे," ते येणाऱ्याला सांगत. "तीही येईल. हिला विचारा."

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. ज्यांना गाव होतं ते गावी निघाले. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानांपुढे रांगा, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. बातम्या पाठवणं हेच माझं काम होतं, म्हणून मी शहरात होतो. लीलाताई होत्या, कारण हिवाळी कातरणीची सगळी लोकर गॅलरीत होती. यजमानांनी धुळ्याला जाऊ असं सुचवून पाहिलं. लीलाताईंनी नकारार्थी मान हलवली. मग तेही राहिले. "एकटा गेलो असतो तर गावात प्रत्येकाला कारण सांगावं लागलं असतं," ते मला म्हणाले. "त्यापेक्षा प्लेग बरा."

उधन्यातल्या त्यांच्या सोसायटीत जी घरं उरली होती त्यांच्या डोळ्यांवर ती पोती आली. उंदीर, पिसू, मेंढीचा वास. भीतीला एवढं पुरे. एका सकाळी सोसायटीचे चिटणीस चौधरी पाच-सहा जणांना घेऊन जिन्यात उभे राहिले. हातात रॉकेलचा डबा.

"वहिनी, पोती खाली येऊ द्या. जाळून टाकू. सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जाळा की," लीलाताई दारातून म्हणाल्या. "पण चौधरीभाऊ, लोकर भडकत नाही. धुमसते. केस जळल्यासारखा वास येतो, आणि एवढी पोती म्हणजे तो दिवसभर येत राहील. आज या शहरात उधन्याकडून तसा वास गेला, तर लोक काय म्हणतील? इथे माणसं जाळताहेत म्हणतील. उद्या सोसायटीला बाहेरून कुलूप लागेल. मग मीही आत, तुम्हीही आत."

रॉकेलचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"मग करायचं काय?" चौधरींनी विचारलं.

"उकळतं पाणी ओतू. त्यात काही जगत नाही. लग्नातली पातेली काढा सोसायटीची. पण एक अट. ढवळायचं नाही. पाणी ओतायचं, झाकायचं, निवू द्यायचं. काठी घातली की लोकर संपली."

अंगणात चुली मांडल्या गेल्या. तोंडाला रुमाल बांधलेले पुरुष पाणी ओतत होते आणि लीलाताई प्रत्येक पातेल्याशेजारी जाऊन उभ्या राहत होत्या, जसं काही दूध उतू जाणार आहे. चौधरींचं मात्र समाधान होईना. नुसतं पाणी ओतून रोग मरतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. लीलाताई दुसऱ्या टोकाला गेल्याचं पाहून त्यांनी शेवटच्या पातेल्यात फिनेल टाकलं आणि काठी घालून जोर लावून ढवळलं. चांगलं ढवळलं. लीलाताई परत येईपर्यंत त्या पातेल्यात लोकर नव्हती. पाण्यात फिरणारा एक करडा, घट्ट गोळा होता, कणकेसारखा.

लीलाताईंनी काठी त्यांच्या हातातून घेतली. मी त्यांना पहिल्यांदाच अहिराणीत बोलताना ऐकलं, ते तेव्हा. "काबरं? आं? काबरं हात लावा तुम्ही? मी काय म्हनेल व्हतं?" चौधरी एरवी सोसायटीत कोणाचं ऐकून घेणारे नव्हते, पण ही भाषा त्यांच्या आईची होती. त्यांनी खाली पाहिलं.

बाकीची लोकर वाचली. महिन्याभरानं शहर पुन्हा भरलं, वर्ग सुरू झाला. फिनेलवाल्या गोळ्याचे लीलाताईंनी कोयत्यानं तुकडे केले, एक सपाट करून कडा शिवल्या आणि चौधरींच्या दारात नेऊन टाकला. "पायपुसणं. तुमच्याच हाताचं आहे," त्या म्हणाल्या. चौधरींनी ते वर्षानुवर्षं वापरलं. फार टिकाऊ निघालं.

खरी लढाई त्यानंतरची. जयंतीभाईंनी नवा प्रस्ताव आणला, आणि तो आधीच्यांपेक्षा पक्का होता. त्यांनी जुनं यंत्र मिळवलं होतं. त्यात शेकडो काटेरी सुया वर-खाली होतात आणि कुठलाही तंतू टोचून टोचून त्याची चादर करतात. पाणी नको, रिठे नकोत, खवलेही नकोत. पॉलिएस्टरचंही जमतं. गाडीतल्या चटया, बुटातली अस्तरं, मागणी भरपूर. बायकांना रोजचं काम मिळेल. प्रस्तावात आणखी एक ओळ होती, ती त्यांनी सहज वाचून दाखवली: मालावर "ऊनी नमदा", म्हणजे लोकरीचा नमदा, असा शिक्का राहील, कारण गिऱ्हाईक त्या नावाला ओळखतं.

बैठकीला वर्गातल्या बायकांनाही बोलावलं होतं. मी मागे बसलो होतो. लीलाताईंच्या आधी बोलली ती कमल, त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. तिशीची, भेस्तानला राहणारी, नवरा रात्रपाळीत लूमवर.

"ताई, राग नका धरू," कमल म्हणाली. "पन आमनं पोट त्या पॉलिस्टरवरच चालस. मन्हा नवरा तेच इनस, भाऊ तेच इनस. मी त्याले वाईट कशी म्हनू?"

"वाईट कोण म्हणतंय?" लीलाताईंनी पदर पुढे धरला. "ही बघ, मी नेसलेय. सुरतेची साडी आहे, पॉलिएस्टरची. धुवायला बरी, वाळायला बरी."

जयंतीभाईंनी हात पसरले. "जुओ! बेन खुद पहेरे छे!"

"नेसते. पण ही साडी स्वतःला रेशीम म्हणत नाही, जयंतीभाई. तुमची चादर स्वतःला लोकर म्हणवून घेणार आहे. यंत्र आणा. माल विका. भरपूर विका. त्याला त्याच्या बापाचं नाव द्या."

"नामथी शुं फरक पडे?"

"फरक पडत नसेल तर शिक्का काढा."

जयंतीभाईंनी शिक्का काढला नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत असावं. तसा माणूस खोटा नव्हता, व्यवहारी होता. बैठकीत मत घेतलं गेलं. यंत्र येणार, वर्ग बंद होणार. बायकांपैकी बहुतेकींनी यंत्राच्या बाजूनं हात वर केले. कमलनंही केला. लीलाताई त्या हातांकडे एकेक करून पाहत होत्या. रागानं नव्हे, पिंजलेल्या लोकरीत काडी शोधावी तशा नजरेनं. नंतर जिन्यात त्यांनी कमलला थांबवलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"तुझा हात बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मुलांच्या शाळा आहेत. पण शिक्का मारायला तुला सांगतील तेव्हा काय करशील, ते आत्ताच ठरव. तेव्हा ठरवायला वेळ नसतो."

वर्ग बंद करताना केंद्रानं त्यांचा सत्कार ठेवला. विश्वस्त मंडळींचा हेतू चांगला होता. व्यासपीठ, हार, समई, केंद्राच्या सगळ्या बायका, काहींच्या कडेवर मुलं. जयंतीभाईंनी भाषणात लीलाताईंना केंद्राचा आत्मा म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. मग शाल आणि श्रीफळ. शाल त्यांच्या खांद्यांवर पडली. टाळ्या वाजल्या.

लीलाताईंचा हात शालीच्या पदराकडे गेला. पहिल्या रांगेत त्यांचे यजमान बसले होते. त्यांनी डोळे मिटले, एवढं मी पाहिलं. लीलाताईंनी गोंड्यातला एक धागा ओढला, पर्स उघडली आणि काडी ओढली. मायक्रोफोनसमोरच उभ्या होत्या, त्यामुळे काडीचा आवाज सगळ्या सभागृहात गेला. धागा आक्रसला, थेंब झाला, काळा पडला. त्यांनी तो मणी बोटांच्या चिमटीत धरून जयंतीभाईंना दाखवला.

"बेन," जयंतीभाई हळू म्हणाले, पण तेही मायक्रोफोननं उचललं, "भावना जुओ. भावना."

"भावना खरी आहे, जयंतीभाई. मला दिसते. शाल खोटी आहे." त्यांनी शाल उतरवली, घडी घातली, नीट चौपदरी, आणि खुर्चीवर ठेवली. मग नारळ उचलला, हलवून पाणी वाजतं का ते कानाशी धरून पाहिलं. "नारळ खरा आहे. तो नेते."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग थांबली. लीलाताई पायऱ्या उतरून मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. यजमान उठले, व्यासपीठावरच्या मंडळींना नमस्कार केला आणि मागोमाग निघाले. रस्त्यावर मी त्यांना गाठलं. शाल देणाऱ्यांना दुखावण्याची गरज होती का, असं मी विचारलं. प्रश्न विचारणं माझं कामच होतं.

"ती शाल घेऊन मी घरी गेले असते," त्या म्हणाल्या, "तर उद्यापासून कमलला काय तोंडानं सांगणार होते?"

"पण वर्ग तर गेला."

"खोली गेली," त्या म्हणाल्या. रिक्षा थांबली. यजमानांनी नारळ मांडीवर घेतला.

मी पाठवलेली बातमी छापून आली नाही. संपादकांना त्यात बातमी दिसली नाही. पुढे यंत्र चालू झालं, ऐकलं की बरं चालतं. शिक्क्याबद्दल चौकशी केली तेव्हा कळलं, की माल शिक्क्याविना बाहेर पडतो. बायका शिक्का मारायला बसल्याच नाहीत. दोन-तीनदा सांगून झालं, एकीनं हात दुखतो म्हटलं, दुसरीनं डोळे. मग जयंतीभाईंनीच तो विषय सोडला. पहिल्यांदा नाही कोण म्हणालं, हे कोणी सांगायला तयार नव्हतं. ही गोष्ट लीलाताईंना कोणी कळवली की नाही, मला माहीत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. भेस्तानला गटाराच्या तक्रारीवर लिहायला गेलो होतो. एका गल्लीच्या तोंडाशी टेम्पो अडकलेला दिसला. वर कच्च्या पॉलिएस्टर कापडाचे तागे बांधलेले, ड्रायव्हर हॉर्न दाबून बसलेला. गल्ली अरुंद, दोन्हीकडे घरांचे ओटे. मी टेम्पोच्या बाजूनं पुढे गेलो.

गल्लीच्या मधोमध लांब चटईची जाड गुंडाळी लोळत होती आणि तिच्यामागे चार-पाच बायका एका रांगेत, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून, पायानं ती पुढे ढकलत होत्या. मग मागे ओढत. पुन्हा पुढे. साबणपाण्याचा ओघळ सिमेंटवर पसरला होता. रांगेत कमल होती. यंत्रावरची पाळी सकाळी संपवून आलेली. तिच्या केसांत पॉलिएस्टरचा पांढरा भुसा अडकला होता आणि पायाला काळी लोकर चिकटली होती. लीलाताई ओट्यावर उभ्या राहून ताल देत होत्या. पायात चपला नव्हत्या.

"ओ बेन!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "माल उतारवानो छे! हटावो ने आ बिस्तरो!"

"बिस्तरा नही, नमदा शे!" कमलनं वळूनही न पाहता उत्तर दिलं. बायका हसल्या. पाय थांबले नाहीत.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दाबला, लांब. लीलाताईंनी हात वर केला. तो टेम्पोसाठी होता की बायकांसाठी, सांगता आलं नसतं. थांबल्या मात्र बायका. लीलाताई ओट्यावरून उतरल्या, उकिडव्या बसल्या, गुंडाळीचं एक टोक उलगडलं. आतला नमदा काळा, ओला, वाफाळता. त्यांनी अंगठा आणि तर्जनीनं वरचा थर चिमटीत पकडला आणि उचलून पाहिला. दोन-चार तंतू सुटून वर आले.

सगळी गल्ली त्यांच्या बोटांकडे पाहत होती. ड्रायव्हरसुद्धा मान बाहेर काढून पाहत होता.

"नाही," लीलाताई म्हणाल्या आणि टोक परत गुंडाळलं. "अजून नाही."

बायकांनी एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवले. गुंडाळी पुन्हा फिरू लागली. मागे टेम्पोचं इंजिन थोडा वेळ घरघरलं, मग ड्रायव्हरनं ते बंद केलं.